एकोणचाळीस, तेरा

दुसऱ्यांच्या चुका काढणं हा माझा धंदा आहे. सव्वीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासते. दादा मला 'काना-मात्रा' म्हणतो, आणि कोणी वाढदिवसाचं कार्ड दिलं तरी ही आधी वेलांट्या बघते, असं जगाला सांगत सुटतो. खोटं नाही ते. म्हणूनच बाबांसाठी बायबलचं ॲप निवडायचं काम त्याने माझ्या गळ्यात मारलं.

बाबांना झटका आला आणि त्यांची भाषा गेली. ऐकलेलं कळायचं, पण बोलायला गेले की तोंडातून नुसता चिखल. अक्षरं वाचता येईनात. मानेवर भरवसा नव्हता. हवं का विचारलं तरी हो, नको का विचारलं तरी हो. आकडे तेवढे शाबूत राहिले. माणसाने शाळेत जन्मभर गणित शिकवलेलं आणि दर रविवारी चर्चमध्ये बायबलचा वर्ग घेतलेला. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने पाटीवर लिहिलं: ४२, २.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला ते मजल्याचे आकडे वाटले. मला कळलं. बाबा वर्गात बायबलमधली स्तोत्रं अशीच नुसत्या आकड्यांनी सांगायचे: स्तोत्र बेचाळिसावं, वचन दुसरं. पण ते वचन काय, ते मला कुठे पाठ होतं? बाबांच्या वर्गाला दांडी मारायला मी चौदाव्या वर्षीच शिकले होते. आणि बाबांचं स्वतःचं बायबल घरात नव्हतं. शिवण उसवली म्हणून बाइंडरकडे दिलेलं, आणि बाइंडर म्हणजे 'उद्या या'.

तर ॲप. इंटरनेटवर ढिगाने होती, त्यातली तीन बरी वाटली. तिन्ही एकाच गिरणीचं पीठ. तीच वचनं, तीच शोधायची सोय, फरक वरवरचा. पहिलं वचन मोठ्याने वाचून दाखवायचं. वाचणाऱ्या बाईचा आवाज इतका गुळमट, की दोन ओळींतच मी ते बंद केलं. दुसऱ्यात बटणांचा बाजार होता. सात भाषांतरं, रंगीत खुणा, 'वचनक्रम: नवा किंवा जुना' असली कसली कसली सेटिंगं, वर शुद्धलेखनाची बोंब. तिसरं म्हणजे पांढरं पान, दोन चौकटी. आकडे टाका, वचन हजर. एक वेलांटी चुकलेली नाही.

"तिन्ही ठेवू या की," दादा म्हणाला. "काय बिघडतंय?"

"एक ना धड, भाराभर चिंध्या," मी म्हणाले. "हेच ठेव."

बेचाळीस, दोन टाकलं. जीव तहानलेला आहे, अशा अर्थाचं वचन आलं. मी पळत जाऊन पाणी आणलं. बाबा घटाघटा प्यायले आणि अर्ध्या चेहऱ्याने हसले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्यानंतर घर तसंच चालू लागलं. ते आकडे लिहायचे, आम्ही मनातल्या मनात वाचायचो आणि कामाला लागायचो.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी लिहिलं: ४, ९. ॲप म्हणालं, असं वचन नाही. चौथ्या स्तोत्रात वचनं आठच.

"हात घसरला असेल," दादा म्हणाला. "आठ बघ."

आठवं होतं निवांत झोपण्याबद्दलचं. आम्ही पडदे ओढले, बाबा झोपले. आठाचा नऊ झाला, एवढंच. छापखान्यात असा एक आकडा जास्त निघाला असता, तर मूळ प्रत मागवून ताडून पाहिल्याशिवाय मी पुढचं पान उलटलं नसतं. घरी मी चहा टाकायला उठले.

तिसऱ्या आठवड्यात छातीत कफ भरला आणि बाबांना पुन्हा इस्पितळात न्यावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला पलंगाशेजारीच बसवलं. म्हणाल्या, "घशात नळी घालून यंत्रावर ठेवता येईल. त्यातून बाहेर येतील की नाही, सांगता येत नाही. निम्मी-निम्मी शक्यता. नळी नाही घातली, तर दोन दिवस. ते शुद्धीवर आहेत, त्यांनाच विचारा."

दादाने विचारलं. लहान मुलाशी बोलतात तसं, सावकाश, दोनदा. बाबांनी पाटी ओढली आणि लिहिलं: ३९, १३.

दादाने आकडे टाकले. वाचलं, मनातच. फोन त्याने माझ्या हातात दिला. माझ्यावरची नजर काढून घे, जाण्याआधी जरा उसंत मिळू दे, असा त्या वचनाचा अर्थ. मोठ्याने वाचायची छाती मलाही झाली नाही. बाबांनी तेच आकडे पुन्हा लिहिले आणि खाली इतक्या जोरात रेघ ओढली की खडू मोडला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, निरोपाचं.

"समजलं, बाबा," मी म्हणाले. "तुम्ही म्हणाल तसंच करू."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. चेहरा एकदम सैल पडला, सुटल्यासारखा. दादाने कागदावर सही केली. बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. त्या सबंध दिवसात ते सारखे दाराकडे बघत होते.

अकरा दिवसांनी बाइंडरचा फोन आला, बायबल तयार आहे. मी घरी आणलं आणि सवयीने पानांचा क्रम तपासायला बसले. चौथ्या स्तोत्रापाशी बोट थांबलं. वचनं नऊ. या जुन्या आवृत्तीत स्तोत्राच्या डोक्यावरची 'हे कोणी रचलं, कोणासाठी' ही शीर्षकाची ओळच पहिलं वचन धरलेली. शीर्षक लांब असलं, की पुढचं सगळं एकाने खाली. बेचाळिसावं काढलं. ॲपमधलं पहिलं इथे दुसरं होतं, आणि तेही तहानेचंच. म्हणून तर आम्ही फसलो.

एकोणचाळिसावं उघडायला मला अर्धा तास लागला. नजर काढून घे, हे चौदावं. तेराव्यात माणूस हाका मारत होता. माझं ऐक, माझी आसवं दिसत असताना गप्प बसू नकोस. समासात बाबांची जुनी पेन्सिलची रेघ होती.

मग मी फोनवर ते दुसरं ॲप पुन्हा उतरवलं, बटणांच्या बाजाराचं. वचनक्रम 'जुना' केला, आकडे टाकले. बरोबर तेच आलं. आणि त्या गुळमट बाईने ते चुकीचं वचन मोठ्याने वाचलं असतं, तर बाबांनी पाटी भिरकावून आम्हाला थांबवलं असतं. रडू आलं नाही. स्वतःची किळस आली. ते दाराकडे का बघत होते, ते मला कळलं. नळी घेऊन कोणीतरी येईल म्हणून.

त्याच आठवड्यात दादाने थडग्यावरच्या दगडाचा मजकूर तपासायला पाठवला. बाबांचं नाव, दोन तारखा, मग नजर काढून घेण्याचं ते अख्खं वचन, खाली 'स्तोत्र ३९, १३'. मी लाल पेन घेतलं. वचन खोडलं, आकडे ठेवले.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "वचन का गं काढलंस? चांगलं होतं की."

"दगडावर गर्दी होते. बाबा आकड्यांतच बोलायचे."

"तेही खरंच. त्यांनी स्वतः सांगितलं म्हणून मला झोप तरी लागते. नाहीतर ती सही..." त्याने नाक ओढलं. "आकडा तरी बरोबर आहे ना? एकदा कोरला की कोरला. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही, काना-मात्रा."

बायबल माझ्या मांडीवर उघडंच होतं.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "आकडा अगदी बरोबर आहे."