डोकं खाली

बीबी गावात शेषरावांचं बी-बियाण्याचं दुकान आहे. दर बुधवारी दुपारी ते धाकट्या भावाला गल्ल्यावर बसवायचे, मोटारसायकल काढायचे, सुलतानपूरला दोस्त हिंमतरावांना मागे घ्यायचे आणि दोघे मेहकर गाठायचे. तिथे टायरच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून गेलं की स्नूकरचा क्लब. टेबल एकच, पण पूर्ण मापाचं. या बुधवारला घरी 'बाबांची प्रॅक्टिस' म्हणत, आणि त्या वेळी कोणी फोन केला तर शेषराव उचलत नसत.

एवढी प्रॅक्टिस करूनही क्लबच्या स्पर्धेत ते यंदाही पहिल्याच फेरीत गारद झाले. हरवणारा रवी लोणारचा, बँकेत नोकरीला. त्याला म्हणे खेळायला आठवड्यातून तासभरसुद्धा मिळत नव्हता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत समीक्षा घरी आली. शेषरावांची ही थोरली लेक अमरावतीला शारीरिक शिक्षणाचं शिकते आणि विद्यापीठाकडून खो-खो खेळते. बुधवारी तिच्या आईनं, गीताबाईंनीच तिला सुचवलं, "जाय ना बाबाच्या संग. पाह्य तरी, कायची प्रॅक्टिस चालते."

ती स्कूटीवर मागोमाग गेली आणि क्लबात भिंतीशी खुर्ची घेऊन बसली. दोघांनी डाव मांडला. मध्ये चहा आला. हिंमतरावांनी पुतण्याच्या सोयरिकीची हकीकत सुरुवातीपासून सांगितली. शेषरावांचा एक लांबचा लाल बॉल पॉकेटात गेला, त्याचं वर्णन चहासोबत झालं, आणि नंतर जे आले त्यांच्यासाठी पुन्हा झालं.

निघताना समीक्षा म्हणाली, "बाबा, यात प्रॅक्टिस कोणती होती?"

"काऊन? एवढा वेळ खेळलो नाही का?"

"खेळले, हाव. पण नुसत्या मॅची खेळून मले खांबावर झेप आली असती का? जे जमत नाही, तेच घोटा लागते."

"पोरगी बराबर बोलून राह्यली," हिंमतराव म्हणाले. आपल्यालाही घोटावं लागेल, हे त्यांच्या अजून ध्यानात आलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी समीक्षाने टेबलावर एकच पांढरा बॉल ठेवला. तो सरळ मारायचा, समोरच्या कडेवर आपटून त्याने त्याच रेषेत परत यायचं आणि क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला लागायचं. बस. शेषराव हसले, वाकले आणि मारला. बॉल गेला सरळ, आला मात्र हातभर उजवीकडून. दुसरा तसाच. तिसऱ्याला तर हिंमतरावांनी चहाचा कप बाजूला घेतला.

"टेबलच कलतं आहे," शेषराव म्हणाले.

हिंमतरावांनी मारून पाहिला. त्यांचा डावीकडून आला. टेबल कोणत्या बाजूला कलतं, यावर दोघांचं बराच वेळ जमेना. तोवर समीक्षाने बाबांचं मोबाइलवर शूटिंग केलं आणि त्यांच्यासमोर धरलं. क्यू बॉलला लागायच्या आतच शेषरावांची मान वर जात होती. खांदा उचलला जायचा, क्यू फिरायचा. नजर तर बॉलवर नव्हतीच, ती बाकावर बसलेल्या माणसांवर होती. फोटो काढायला उभं राहिल्यासारखा चेहराही तयार होता.

शेषरावांनी ते दोनदा पाहिलं. मग क्यू भिंतीला लावला आणि म्हणाले, "चला, उशीर होते." सुलतानपूरला उतरताना हिंमतराव म्हणाले, "शेषराव, मी तुयाकडं कधी पाह्यतच नव्हतो बे, उगाच मान दुखवून घेतली." त्यावर शेषरावांनी गाडीला किक मारली.

दोन-तीन दिवस गेले. एका दुपारी गीताबाई स्वयंपाकघरात आल्या तर नवरा ओट्यावर वाकलेला. समोर पाण्याची रिकामी बाटली आडवी ठेवलेली, आणि शेषराव बाटलीच्या तोंडाला लागू न देता झाडूची काठी आत-बाहेर करत होते.

"काय करून राह्यले?"

"प्रॅक्टिस," शेषराव मान खाली ठेवूनच म्हणाले.

गीताबाईंनी दुसरी बाटली शोधून पाणी भरलं.

बुधवारी समीक्षाने नवा नियम काढला. शेषराव वाकले की हिंमतरावांनी त्यांच्या डोक्यावर तळहात धरायचा आणि बॉल थांबण्याआधी डोकं हाताला लागलं तर टपली मारायची. शाळेपासूनच्या दोस्तीत हिंमतरावांना इतकं मनासारखं काम कोणी दिलं नव्हतं. पहिल्या दिवशी टपल्यांचा आवाज खाली टायरच्या दुकानापर्यंत गेला. मग जागा बदलायची, हिंमतराव वाकायचे आणि शेषराव उट्टं काढायचे. हळूहळू टपल्या कमी झाल्या. पांढरा बॉल आधी क्यूच्या जवळून जाऊ लागला, मग टोकाला लागू लागला. तो पहिल्यांदा लागला तेव्हा शेषरावांनी बाकाकडे पाहिलंही नाही. पुन्हा बॉल ठेवून वाकले.

मेच्या शेवटी क्लबाने आणखी एक छोटी स्पर्धा ठेवली. चिठ्ठ्या टाकल्या तर शेषरावांच्या वाट्याला पुन्हा रवीच आला. डाव अखेरच्या काळ्या बॉलपर्यंत खेचला गेला. तो ज्याचा, डाव त्याचा. काळा कोपऱ्याजवळ होता. सोपा नव्हता, पण फार अवघडही नव्हता. शेषराव वाकले. क्यू सरळ गेला, काळा पॉकेटात पडला, टाळ्या वाजल्या. शेषराव मात्र वाकलेलेच. पांढरा बॉल कडेला लागून फिरला, सावकाश थांबला, तरी ते उठेनात.

पंच जवळ आले. "काका, कंबर धरली का?"

"बॉल थांबला का?" शेषरावांनी खालूनच विचारलं.

"थांबला."

मग ते उठले. रवीने हात मिळवत विचारलं, "काका, हे कुठं शिकले?" शेषरावांनी समीक्षाकडे बोट दाखवलं. हिंमतराव घसा खाकरून पुढे झाले आणि आपला तळहात दाखवू लागले.

दुसऱ्या फेरीत चिखलीच्या एका मुलाने शेषरावांना सहज हरवलं. त्यांना टेबलाशी वाकायलाही फारसं मिळालं नाही. बाहेर आल्यावर तिघांनी गाड्यावर कचोरी खाल्ली. शेषरावांची नजर मात्र क्लबच्या जिन्याकडेच होती. हिंमतरावांना वाटलं, मनाला लागलं असेल.

"समीक्षा," शेषराव म्हणाले, "तो पोरगा पांढरा बॉल मागं ओढून आणते, तसं मले जमत नाही. ते घोटाले काय करा लागते?"

"आता मले थोडीच माहीत आहे?" समीक्षा हसली. "त्यालेच विचारू. अजून वरतीच असन."

अर्धी कचोरी हिंमतरावांच्या हाती देऊन शेषराव तिच्यामागे जिना चढू लागले.