पाचवा वादक

साधनावहिनींनी रेकॉर्ड उशीच्या अभ्र्यात घातली, अभ्र्याचं तोंड सेफ्टीपिन लावून बंद केलं आणि पलंगाकडे पाहिलं. पलंगावर बापूसाहेब पांढरीपांडे लोडाला टेकून बसले होते, म्हणजे बसवलेले होते. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्याला वर्ष होत आलं होतं. उजवं अंग गेलं आणि त्याच्याबरोबर वाचाही गेली. डावा हात तेवढा शाबूत होता. तो त्यांनी पुढे केला, अभ्र्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

समोरच्या खुर्चीत किशोर म्हैसने अवघडून बसला होता. रेकॉर्ड मागायला तो अकोल्याहून अमरावतीला आला खरा, पण राजापेठेतल्या या घरात शिरल्यापासून त्याचं तोंड उघडत नव्हतं. वहिनींनीच मग विषय काढला, कारण त्यानं त्यांना फोनवर आधीच सगळं सांगितलं होतं.

"किशोरभाऊ, यांनी आजवर कोणाला ही रेकॉर्ड उंबऱ्याबाहेर नेऊ दिली नाही. सख्ख्या भावाला नाही. तुम्हाला देऊन राहिले," त्या म्हणाल्या. "जपून न्या, इतकंच."

"वयनी, मी मांडीवरून खाली ठेवत नाई तिले," किशोर म्हणाला.

बापूसाहेबांनी हात उचलला. किशोरनं रेकॉर्ड घेतली. त्या रेकॉर्डमधलं संगीत त्याला पाठ होतं, आणि ती हातात मात्र आयुष्यात पहिल्यांदाच आली होती.

हे जरा चमत्कारिक वाटेल, पण त्यात खोटं काही नाही. दोघंही टेलिफोन खात्यातले, ट्रंक कॉल जोडणारे. किशोर अकोल्याच्या एक्स्चेंजमध्ये, बापूसाहेब अमरावतीच्या. दोघांनाही वर्षानुवर्षं रात्रपाळी. दोघांना जॅझचं वेड लागलं ते रेडिओवर परदेशी स्टेशनं लावता लावता. आपल्यासारखा आणखी एक वेडा ऐंशी-नव्वद किलोमीटरवर बसला आहे हे कळल्यावर त्यांना कोण आनंद झाला. बापूसाहेबांच्या घरी वडील कडक, त्यांना तुताऱ्यांचा कालवा खपत नसे. म्हणून बापूसाहेबांचा रेकॉर्ड प्लेअर एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्येच मुक्कामाला असे. लाइन रिकामी असली की ते रेकॉर्ड लावत, रिसीव्हर स्पीकरपुढे धरत आणि किशोर अकोल्यात कानाला हेडफोन लावून ऐके. बोलायची सोय नव्हती. सुपरवायझर मधूनच लाइनवर येई. म्हणून ऐकणारा माऊथपीसवर नखानं टिचक्या मारी. दोन टिचक्या म्हणजे ऐकलं, पोचलं. तीन म्हणजे पुन्हा लावा.

त्यातली ऑस्विन मेनेझिसची रेकॉर्ड किशोरनं किती वेळा पुन्हा लावायला सांगितली याला गणती नाही. मेनेझिस गोव्याचा, मुंबईच्या हॉटेलांत ट्रम्पेट वाजवायचा. त्यानं ही एकच रेकॉर्ड काढली, थोड्याशा प्रती निघाल्या आणि कंपनी बुडाली. बापूसाहेबांना ती मुंबईला ट्रेनिंगला गेले असताना जुन्या बाजारात सापडली होती. किशोरनं ती जी ऐकली ती तारेतून. पुढे ट्रंक एक्स्चेंज बंद झालं, प्लेअर घरी आला तो बंद पडूनच आला, आणि दुसऱ्याच्या सुईवर आपली रेकॉर्ड चढवायला बापूसाहेब तयार नव्हते. त्यांच्या एका रेकॉर्डला कोणीतरी ओरखडे पाडून आणले होते, तेव्हापासूनची ती शिस्त. किशोरनं ती कधी मोडायचा आग्रह धरला नाही. त्यानं दुसरा मार्ग धरला.

मुलानं घरी कॉम्प्युटर आणला तेव्हा किशोरला जॅझच्या रेकॉर्डी जमवणाऱ्या जगभरच्या मंडळींचा एक गट सापडला. जपानमधली एक अगदी छोटी कंपनी दर दिवाळीच्या सुमारास या गटाला विचारायची, बाजारातून नाहीशा झालेल्या कोणत्या रेकॉर्डी पुन्हा काढाव्यात? ज्यानं त्यानं आपली यादी पाठवायची. ज्या नावाला जास्त जणांचा दुजोरा, त्याचा विचार व्हायचा. किशोरच्या यादीत पहिलं नाव कायम मेनेझिसचं. सुरुवातीला मंडळींना वाटलं, अकोल्याचा हा माणूस थापा मारतोय, अशी रेकॉर्ड नसणारच. नंतर ते त्याची गंमत करू लागले. मग पोर्तुगालमधल्या एका म्हाताऱ्यानं दुजोरा दिला, त्याच्यामागून आणखी काही जणांनी दिला, आणि यंदा कंपनीनं मेनेझिसच्या मुलीला शोधून तिची परवानगीसुद्धा मिळवली. मूळ टेप मात्र कुठेच उरली नव्हती. कंपनीनं किशोरला लिहिलं की तुमच्या मित्राची प्रत पाठवा, तिच्यावरून आम्ही नवी करू. आहे तशी पाठवा. पुसू नका, सरळ करू नका, काही करू नका.

किशोरला घाई होती ती बापूसाहेबांसाठी. पुढच्या झटक्याचं डॉक्टर काही सांगत नव्हते. नवी रेकॉर्ड निघावी, बापूसाहेबांच्या पलंगाशी चांगला प्लेअर ठेवावा आणि दोघांनी एका खोलीत बसून ती एकदा ऐकावी, एवढीच त्याची इच्छा होती. त्याहून जास्त त्यानं आयुष्याकडे फारसं काही मागितलंही नव्हतं.

परतीच्या एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, देवाचा फोटो आहे का? किशोरनं होकाराची मान हलवली. बाईनं आपली पिशवी आणि पाय दोन्ही बाजूला घेतले, आणि मूर्तिजापूरपर्यंत त्या गुंडाळीला कोणाचा धक्का लागू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जठारपेठेतल्या घरी त्यानं रेकॉर्ड अभ्र्यातून काढली आणि त्याचा जीव खट्टू झाला. बापूसाहेबांचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला. इतक्या उन्हाळ्यांत रेकॉर्डची कड एका बाजूनं उचलली गेली होती. फार नाही, भाजताना पापड उचलतो तेवढीच. आहे तशी पाठवा असं कंपनीनं बजावलेलं होतं. पण बापूसाहेबांची वस्तू वाकडी परदेशात पाठवायची याची त्याला लाज वाटली. लग्नाला जाणाऱ्या माणसाला चुरगळलेला शर्ट घालून पाठवावं तसं ते झालं असतं.

आणि वाकडी रेकॉर्ड सरळ करण्यात तर किशोरचा हातखंडा होता. दोन काचांमध्ये रेकॉर्ड ठेवायची, वर मधोमध वीट ठेवायची आणि गच्चीवर उन्हात थोडा वेळ सोडायची. गटातल्या मंडळींनी त्याला अकोला पद्धत असं नाव दिलं होतं आणि त्याचा त्याला मनातून अभिमान होता. फक्त हे काम तो नेहमी जानेवारीत करायचा. आता एप्रिल संपत आला होता, आणि दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला यायचा होता.

थोडा वेळच ठेवू, असं तो बायकोला म्हणाला. मैनाबाई गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. त्यांनी आभाळाकडे बघून, ऊन लय हाये, एवढंच सांगितलं. किशोर खाली येऊन कूलरपुढे टेकला. रात्रपाळीच्या नोकरीनं त्याची झोप कायमची उलटी करून ठेवली होती. निवृत्तीला इतकी वर्षं झाली तरी रात्री त्याचा डोळा लागत नसे आणि दुपारी उघडत नसे. त्यातून आदल्या दिवशीचा एसटीचा प्रवास अंगात होता. मैनाबाईंनी वरून हाक मारली तेव्हा त्यानं हूं म्हटलं आणि कूस बदलली.

जाग आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तो अनवाणीच गच्चीवर धावला. तळव्यांना चटके बसत होते. वीट उचलताना हाताला पोळली. वरची काच काढली तर रेकॉर्ड अगदी सरळ झालेली होती, आरशासारखी चकचकीत. त्या चकचकीतपणाचा अर्थ त्याच्या लगेच लक्षात आला. रेकॉर्ड इतकी चकाकत नसते. आवाजाच्या खाचा वितळून सपाट झाल्या होत्या. खालची बाजू तर स्लॅबनं पार भाजून काढली होती. वरच्या बाजूला, मधोमध, जिथे विटेची सावली होती, तेवढीच थोडी जागा जुन्यासारखी दिसत होती.

मैनाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "मी तुमाले दोनदा हाका मारल्या," त्या म्हणाल्या. "मले काय मालूम, हे इतकं नाजूक असते." किशोरनं काच खाली ठेवली. दोष द्यायला दुसरं कोणी नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यानं कंपनीला इंग्रजीत मेल लिहिली. रेकॉर्ड माझ्या हातून खराब झाली, तुम्ही सांगूनही मी ऐकलं नाही, क्षमा असावी. इंग्रजीत ते सोपं गेलं. उत्तरही लवकर आलं. खरं सांगितल्याबद्दल त्यांनी आभार मानले होते, दुसरी प्रत कुठे निघते का पाहू असं म्हटलं होतं, आणि पुढच्या दिवाळीला यादी जरूर पाठवा असंही. तसं प्रत्येकालाच लिहीत असावेत. किशोरनं कॉम्प्युटर बंद केला. कुरिअरवाल्याला त्यानं दारातूनच परत पाठवलं.

बापूसाहेबांना मात्र सांगणं होईना. तो फोनपाशी जाई, रिसीव्हर उचली आणि ठेवून देई. जेवण कमी झालं. मैनाबाईंना वाटलं ऊन लागलं, त्यांनी पन्हं करून दिलं. तो ते पिऊन टाकी. लोकांचे फोन जोडण्यात त्याची सगळी उमर गेली होती, आणि आता स्वतःचा एक फोन त्याच्यानं लागत नव्हता.

अखेर एका सकाळी त्यानं ती रेकॉर्ड आपल्या प्लेअरवर चढवली. काय उरलं आहे ते तरी बघू, म्हणजे नेमकं सांगता येईल. सुरुवातीला नुसता घरघराट आला. त्यानं सुई उचलली आणि विटेच्या सावलीत वाचलेल्या जागेवर, दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यावर ठेवली.

ट्रम्पेट आलं. तेच संथ, तोंडाला टोपी लावलेलं ट्रम्पेट, चुकून हसू यावं आणि आवरावं तसं. पियानो आला, ड्रम्सवरचे ब्रश आले, सॅक्सोफोन आला. हे चौघे त्याच्या ओळखीचे होते. आणि त्यांच्या खाली, जमिनीलगत, आणखी कोणीतरी चालत होतं. जाड, मऊ, एकेक पाऊल टाकत. किशोरनं आधी हाताचा पंजा स्पीकरवर ठेवला. मग त्याला उमगलं.

रेकॉर्डच्या वेष्टनावर पाच नावं छापलेली आहेत हे बापूसाहेबांनी त्याला फार पूर्वी सांगितलं होतं. पाचवा मोठ्या तारवाद्यावर, बासवर. हा पाचवा करतो तरी काय, असं किशोरला नेहमी वाटायचं, कारण तो कधी ऐकूच आला नव्हता. टेलिफोनची तार इतका खालचा आवाज नेत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण त्या हिशेबानं त्यानं या गाण्याकडे कधी पाहिलं नव्हतं. सगळं गाणं तर त्या पाचव्याच्या खांद्यावर उभं होतं. किशोरला रडू आलं. खोलीत कोणी नव्हतं, त्यानं ते येऊ दिलं.

गाणं संपल्यावर त्यानं तोंड धुतलं आणि अमरावतीचा नंबर लावला. दोघांकडेही जुना फोन अजून होता, खात्यानं निवृत्तांना सवलतीत ठेवू दिलेला. साधनावहिनींनी उचलला. फोन त्यांच्या कानाशी धरा, असं किशोरनं सांगितलं. पलीकडे लोड सरकवल्याचा आवाज आला आणि मग बापूसाहेबांचा जड श्वास ऐकू येऊ लागला.

"बापूसाहेब, तुमची रेकॉर्ड मायाच्यानं गेली," किशोर म्हणाला. "कंपनीनं सांगतलं होतं सरळ करू नका, तरी मी केली. उनात ठेवली अन् झोपलो. आता ते नवी काई काढत नाईत."

श्वास तसाच येत राहिला. किशोरला वाटलं, आता फोन खाली ठेवला जाईल.

"शेवटचं गाणं तेवढं राह्यलं," तो म्हणाला. "त्यातला तो पाचवा माणूस मले आज भेटला. तुमाले इथून तो आयकू येनार नाई. पन लावतो."

त्यानं सुई ठेवली आणि रिसीव्हर स्पीकरपुढे धरला. आजवर तो तारेच्या पलीकडच्या टोकाला असायचा. रिसीव्हर इतका वेळ धरून ठेवला की दंड किती भरून येतो, हे त्याला आज कळलं. बापूसाहेब रात्र रात्र धरत. त्यानं हात बदलला नाही. गाणं संपलं, सुई आतल्या कडेला खरखरत राहिली, आणि त्यानं रिसीव्हर कानाला लावला.

पलीकडे काहीच नव्हतं. मग नखाची एक टिचकी वाजली. डाव्या हाताची, अंदाज चुकलेली, थोडी बाजूला. मग दुसरी. पोचलं.

किशोरनं डोळे मिटले. आता फोन ठेवावा, वहिनींना त्रास नको, असं त्याच्या मनात आलं. पण रिसीव्हरमध्ये काहीतरी घासल्याचा आवाज होत होता, हात पुन्हा जागेवर यायची खटपट चाललेली होती, म्हणून तो थांबला. बऱ्याच वेळानं तिसरी टिचकी आली.

त्यानं खुर्ची प्लेअरजवळ ओढून घेतली, सुई उचलली आणि पुन्हा त्याच जागेवर ठेवली.