दिलेला फटका

चिमीला गोल्फ खेळताना बघणं म्हणजे नमनाला घडाभर तेल जळताना बघत बसणं. पहिल्याच होलवर ती चेंडूच्या मागे जाऊन उभी राहिली, लांबच्या झेंड्याकडे बघितलं, चेंडूपाशी आली, परत मागे गेली. हातमोजा काढला. हातमोजा घातला. गवताची चिमूट उपटून हवेत सोडली. ती सरळ तिच्याच बुटावर पडली, कारण वाऱ्याचा पत्ता नव्हता, आणि वारा नाही हे कळायला कुठल्याही शहाण्या माणसाला गवत उपटावं लागत नाही. मग नुसत्या हवेत काठीचे दोन झोके, मग खोल श्वास, मग डोळे मिटणं. एवढं सगळं झाल्यावर चेंडू गेला कुठे, तर डावीकडच्या झुडपात. डोंगर पोखरून उंदीर.

"जरा डावीकडे गेला," चिमी म्हणाली.

"जरा," म्हणत तिच्या वहिनीने आपला चेंडू ठेवला आणि मारला. ठेवण्यात आणि मारण्यात शिंकायलाही फट नव्हती. चेंडू फार लांब गेला नाही, पण निदान गेला.

वहिनीला सगळे बेकरीवाली म्हणत. बेकरी तिची स्वतःची, आणि तिथे एक घाव दोन तुकडे असा कारभार. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत पाव कागदात गुंडाळलेला असे. "मला ते..." एवढं ऐकलं की तिला कळे की हा गोल पाववाला आहे की लांब पाववाला, आणि ती चुकली तरी गिऱ्हाईक भिडेखातर तोच घेऊन जाई. थांबायची ती फक्त कणकेसाठी. कणीक फुगेपर्यंत ती ओलं फडकं टाकून मुकाट उभी राही, फडकं उचलून बघतसुद्धा नसे. पिठाला घाई चालत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. माणसाचंही तसंच काही असेल, हे मात्र तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

चिमी तिची धाकटी नणंद. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली, एकटी राहणारी, चपलेचा पट्टा लावायलाही खाली बसून विचार करणारी बाई. क्लबच्या बायकांच्या स्पर्धेत चिठ्ठ्या निघाल्या आणि पहिल्याच फेरीत नणंद-भावजय समोरासमोर आल्या. बेकरीवालीला जिंकण्याची काळजी नव्हती. काळजी होती ती एवढीच की संपूर्ण सकाळ या गोगलगायीबरोबर काढायची.

सुदैवाने गोल्फमध्ये एक सोय आहे. समोरच्याचा चेंडू भोकाच्या अगदी जवळ आला, आता काय चुकणार आहे असं वाटलं, की म्हणायचं, "दिला." म्हणजे तो शेवटचा बारीकसा फटका मारल्यासारखाच धरायचा, चेंडू उचलायचा, पुढे चालायचं. बेकरीवालीइतकं सढळ हाताने देणारं क्लबात कोणी नव्हतं. हातभर असो की त्याहून जास्त, समोरची वाकायच्या आत हिचं "दिला, उचल" तयार. लोक म्हणत, मन मोठं आहे बाईचं. खरं कारण तिला ठाऊक होतं. त्या वाकण्याचा, त्या नेम धरण्याचा तिला मनापासून तिटकारा होता. हातभर अंतरासाठी एवढा थाट, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

"मला मारू द्या ना, वहिनी," दुसऱ्या होलवर चिमी म्हणाली. तोपर्यंत ती उकिडवी बसली होती आणि चेंडूवर पेनाने काढलेली रेघ भोकाच्या दिशेने लावत होती.

"अगं, दिला म्हटलं ना. फुकट मिळतंय ते घ्यावं माणसाने."

चिमीने चेंडू उचलला, पुसला आणि खिशात ठेवला. पुसलासुद्धा. खिशात ठेवायचा चेंडू.

हे सगळं सोवळं चिमीला शिकवलं होतं तिच्या भावाने, म्हणजे बेकरीवालीच्या नवऱ्याने. तो भूगोल शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी गोल्फ खेळायचा. बायकोलाही त्यानेच शिकवलं, पण बायकोने त्यातलं मारणं तेवढं घेतलं. आता तो खेळत नव्हता. अर्धांगवायूच्या झटक्याने त्याचा उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. शब्द सगळे शाबूत होते, पण एकेक शब्द विहिरीतून पोहरा ओढावा तसा वर यायचा. बोलण्याचे व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणाली होती, "त्यांना बोलू द्या."

"म्हणजे मी काय तोंड दाबून धरलंय का?" बेकरीवालीने तिला विचारलं होतं.

तिने त्याचं काही कमी केलं नव्हतं. तो "पा" म्हणाला की पाणी हजर. "च" म्हणाला की एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात चहा, काय हवं ते घ्या. वाक्य सुरू झालं की ती पुरं करून टाकी आणि तो मान हलवी. त्याला शब्दासाठी झटताना बघवत नाही, असं ती लोकांना सांगे. ते खरंही होतं, पण अर्धंच. त्या उघड्या तोंडापुढे उभं राहिलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, नवऱ्याचाच राग यायचा, आणि त्या रागाची लाज वाटून ती आणखी घाई करायची. हल्ली तो फारसं काही मागत नसे. सुधारणा आहे, असं तिला वाटे.

आज त्याला तिने क्लबच्या व्हरांड्यात, शेवटच्या होलच्या वर, शाल पांघरून बसवलं होतं.

अर्ध्या वाटेवर व्हायचं तेच झालं. मागून क्लबातला एक दंतवैद्य आणि त्याचे तीन मित्र येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले. संथ चालणाऱ्यांनी बाजूला होऊन मागच्यांना वाट द्यायची, असा नियम आहे. बेकरीवालीवर तो लागू व्हायची वेळ आजवर आली नव्हती. दंतवैद्य जाताना हसून म्हणाला, "तुम्ही, आणि बाजूला?" ती बाकावर बसली. कान तापले होते.

चिमी शेजारी बसली. तिने पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, प्यायली, झाकण लावलं. मग म्हणाली, "वहिनी, एक बोलायचं होतं. दादाला माझ्याकडे राहायला यायचंय. म्हणजे..."

"कोणी सांगितलं?"

"त्यानेच."

"त्याने? त्यांना दोन शब्द धड बोलता येत नाहीत, चिमे."

"येतात. सावकाश येतात."

"कधी म्हणाले?"

"परवा तुम्ही बेकरीत होतात तेव्हा. म्हणायला वेळ लागला त्याला. मी थांबले होते. तो म्हणत होता की..."

"पुरे," बेकरीवाली उठली. "उठवायचं, बसवायचं, भरवायचं मी, आणि राहायला तुझ्याकडे. तुला काय, थांबायला तुझ्याकडे दिवसच्या दिवस आहेत. चल, गेले ते लोक."

त्यानंतर ती खेळली ती चेंडूशी नाही, चिमीशी. चिमीच्या प्रत्येक श्वासाचा, प्रत्येक झोक्याचा तिला राग येत होता. हिच्या घरात नवरा पाणी मागेल आणि पाणी येईपर्यंत त्याची तहान मरून जाईल. हिच्या घरी दूध उतू गेलं तर ही आधी दुधाच्या मागे जाऊन उभी राहील. असं मनात म्हणताना तिला बरं वाटत होतं, आणि फटके बिघडत होते. चिमीचा चेंडू दर दोन होलला झुडपात जात होता, पण उरलेल्या वेळी सरळ जात होता. वाटेतलं हिचं "दिला, उचल" काही थांबलं नव्हतं. जीभ आपोआप वळायची. शेवटच्या होलवर पोचल्या तेव्हा दोघी बरोबरीत होत्या.

व्हरांड्यातून नवरा बघत होता. त्याने शाल बाजूला केली होती.

दोघींचे चेंडू भोकापासून हातभर अंतरावर येऊन थांबले. चिमीचा किंचित लांब, म्हणून पाळी तिची. पण बेकरीवालीचा एक फटका कमी झाला होता; तिचा चेंडू पडला की सामना तिचा. चिमी वाकू लागली. रेघ, नेम, श्वास, सगळं आता परत सुरू होणार होतं.

"दिला. उचल."

चिमी अर्धी वाकलेली तशीच राहिली. तिने एकदा वर व्हरांड्याकडे बघितलं. मग चेंडू उचलला.

बेकरीवाली आपल्या चेंडूपाशी गेली. आणि तिला एकदम वाटलं, हा नीट मारावा. नवऱ्याने बघावा. चेंडू भोकात पडल्याचा तो टप् आवाज व्हावा आणि त्याने वर बसून ऐकावा. किती दिवसांत त्याने तिचं काही बघून मान डोलावली नव्हती. तिने चेंडूकडे बघितलं, भोकाकडे बघितलं, काठी सारखी केली. कधी नव्हे ती एक श्वास घेऊन थांबली.

"दिला, वहिनी," चिमी म्हणाली.

चिमीने जन्मात कधी कोणाला फटका दिला नव्हता. बेकरीवालीने काठी चेंडूमागून हलवली नाही.

"मला मारायचाय."

"दिलेला नाकारता येत नाही. दादानेच शिकवलंय दोघींना." चिमीच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. "जिंकलात तुम्ही. उचला."

बेकरीवालीने चेंडू उचलला. सामना तिचा झाला होता, आणि तोंडातला घास कोणीतरी काढून घेतल्यासारखं वाटत होतं. दानधर्मासारखा हातावर ठेवलेला विजय. तिला चिमीचा संताप आला, आणि त्या संतापातच कळलं की सकाळपासून आपण चिमीच्या हातावर हेच ठेवत आलो.

कळलं म्हणून स्वभाव जात नाही. पायऱ्या ती भराभरा चढली आणि नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"चिमी काय म्हणते ते खरं आहे? तुम्हाला तिच्याकडे जायचंय?"

त्याने तोंड उघडलं. "म..." ओठ मिटले, परत उघडले. तिच्या जिभेवर शब्द येऊन उभे राहिले. मला काही माहीत नाही. मला घरी जायचंय. मला पाणी हवंय. ते सगळे तिने गिळले. खुर्चीची पाठ घट्ट धरून ती थांबली. मागून चिमी येऊन उभी राहिली होती.

"मला..." तो म्हणाला. "चिमीकडे..." मानेची शीर ताठ झाली. "जायचंय..."

झालं. इतका वेळ थांबून हे ऐकायचं होतं.

"जा," ती म्हणाली. "मी अडवणार नाही. संध्याकाळी बॅग भरून देते. औषधांचं चिमीला समजावून सांगते."

आणि ती गाडी आणायला गेली. लांबून तिला दिसलं की त्याचं तोंड अजून उघडंच आहे. ते तर हल्ली नेहमीच असतं, असं म्हणून तिने गाडीचं दार आपटलं. गाडीत डोळे भरून आले, ते तिने बाहीने पुसून टाकले. एवढ्या वर्षांचा संसार, आणि तीन शब्दांत कारभार आटोपला.

तिने गाडी पायऱ्यांशी आणून लावली. कोणाला न्यायला गेली की ती इंजिन चालूच ठेवी, म्हणजे माणसं रेंगाळत नाहीत. तसंच चालू ठेवून ती वर आली. नवरा जागचा हलला नव्हता. चिमीसुद्धा.

"चला," ती म्हणाली.

"वहिनी, त्याचं वाक्य संपलं नव्हतं."

"मग काय म्हणाले?"

"त्याला विचारा."

खाली गाडी घरघरत होती. बेकरीवाली दोघांकडे बघत उभी राहिली. मग पायऱ्या उतरून गेली, इंजिन बंद केलं, किल्ली घेऊन परत वर आली आणि खुर्ची ओढून नवऱ्यासमोर बसली. चिमी न सांगता आत निघून गेली.

"चार..." तो म्हणाला.

ती बसून राहिली.

"दिवस."

चार दिवस. चिमीच्या त्या "म्हणजे" नंतर हेच यायचं होतं बाकावर. तिने तेही पुरं होऊ दिलं नव्हतं. तिला हसू येणार होतं, पण नवऱ्याचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. त्याने डावा हात उचलून खालच्या हिरवळीकडे दाखवलं. तो पुन्हा शब्द ओढू लागला होता, आणि हा पोहरा जड होता.

"सगळ्यांना... देतेस." बराच वेळ गेला. "मलाही... देऊन... टाकलंस?"

बेकरीवालीला कधी उत्तराची वाण पडली नव्हती. गिऱ्हाईक असो, पिठाचा व्यापारी असो, बोलण्याचे व्यायाम शिकवणारी बाई असो, समोरच्याचा प्रश्न संपायच्या आत हिचं उत्तर निघालेलं असे. आताही तिने तोंड उघडलं.

"मी..."

पुढचा शब्द येईना. तिने ओठ मिटले, परत उघडले. नवऱ्याला तो शब्द ठाऊक होता. एवढ्या वर्षांत तिचा कुठला शब्द त्याला ठाऊक नव्हता? तो तिच्या तोंडाकडे बघत शांत बसला होता.

त्याने तो दिला नाही.