बिनभाकरीचं ताट

बसा हो, असं वाऱ्यात कशाला उभं राहता? घोंगडं घ्या पायावर. माघाची थंडी म्हणजे हाडात शिरून बसते, तिला गोष्टीशिवाय दुसरा उतारा नाही. लढाईची नाही, भुताची नाही, एका ताटाची गोष्ट सांगतो. ऐकून उठताना तोंडाला पाणी सुटलं नाही तर गावातनं माझी धिंड काढा.

"आता वाढ की," जोतिबा म्हणाला.

सकाळची वेळ. चुलीपुढं जोतिबा मांडी ठोकून बसलेला, आणि त्याच्या पुढ्यातलं ताट चाटूनपुसून लख्ख झालेलं. मेथीची भाजी गेली, मुळा गेला, तांब्याभर ताक गेलं. तरी गड्याचा हात ताटावर तसाच.

"काय वाढू?" त्याच्या बायकोनं, रंगूबाईनं विचारलं.

"काय म्हंजे? भाकरी. कोरड्यास झालं, आता जेवान वाढ."

"ह्येच जेवान, आवं."

"ह्ये? आगं, ह्ये सशाचं जेवान."

"ससा पळतोय तुरुतुरू. त्येचा पाय न्हाई सडला."

जोतिबानं ताटावरचा हात मागं घेतला. बोलणं वर्मी लागण्यासारखंच होतं. जोतिबा म्हणजे गुळव्या. कराडच्या आसपास गुऱ्हाळ लागलं की पहिला सांगावा त्याला. काहिलीत उसाचा रस कढत असला की बाकीचे चुलवाणाचा जाळ बघायचे, हा रसाच्या बुडबुड्याकडं बघायचा. बुडबुडा मोठा झाला, जड झाला, की म्हणायचा, "उतरा." एक क्षण इकडं नाही, एक क्षण तिकडं नाही. आणि देवाची करणी बघा, जन्म गुळात घालवलेल्या ह्या माणसाला साखरेचा आजार झाला. मागल्या हंगामात पायात उसाचं बुडखं घुसलं, ते त्याला कळलंच नाही. जखम वर्षभर भरंना. दिवाळीच्या आधी कराडच्या डॉक्टरांनी लघवी निळ्या औषधात घालून नळी तापवली. नळीतलं पाणी झालं विटेसारखं लाल.

डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "रंगूबाई, गोळ्या मी देतो. पण गूळ बंद, भात बंद, भाकरी बंद. भाजीपाला घाला, अंडी घाला, ताक घाला. ही नळी निळी राहिली तर पाय राहील. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

आणि पाय गेला तर गुळव्या कसला? काहिलीपुढं दिवसभर उभं राहावं लागतं. खाटेवर बसून गूळ होत नाही.

तर पहिल्या दिवशी सशाचं जेवण जेवून गडी गुऱ्हाळावर गेला. दुपारपर्यंत पोटात कावळे कोकलायला लागले, आणि गुऱ्हाळाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. आल्यागेल्याच्या हातावर गरम गुळाचा खडा ठेवल्याशिवाय सोडत नाहीत. नको म्हटलं तर मालकाचा अपमान. जोतिबानं गूळ खाल्ला, वर मूठभर शेंगा खाल्ल्या. संध्याकाळी रंगूबाईला वासावरनंच कळलं. रात्री पडल्या पडल्या तिनं नवऱ्याचं जेवण डोळ्यापुढं आणलं. हा माणूस भाकरी खातो म्हणजे काय करतो? मोडतो. बोटांनी मोडतो, कालवणात बुडवतो, मग तोंडात घालतो. पोटाच्या आधी हाताला भूक लागलेली असते. हाताला मोडायला काही मिळालं नाही तर माणूस जेवलाच नाही.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आधी ती घरामागच्या परड्यात गेली. दवानं पाला नुसता निथळत होता. मेथी खुडली, चाकवत खुडला, कांद्याची पात कापली, ओल्या लसणाचे गड्डे पातीसकट उपटले. सगळं बारीक चिरलं. हिरवी मिरची आणि जिरं ठेचून त्यात घातलं, मीठ घातलं, शेंगदाण्याचा जाडाभरडा कूट घातला. घरच्या कोंबड्यांची अंडी फोडून हातानं फेटली आणि सगळ्या पाल्याला लेप बसेल असं कालवलं. मग भाकरीचा तवा चुलीवर, तव्यात करडईचं तेल सढळ हातानं. त्यावर तो सगळा ऐवज ओतून थापला, भाकरीएवढा रुंद आणि चांगला बोटभर जाड. वर परात झाकली, परातीवर चार लालभडक इंगळ ठेवले. जाळ मंद केला. लसणाचा वास सुटला तो शेजारच्या अंबूबाईच्या चुलीपर्यंत गेला. काठ कुरकुरीत, पोट मऊ. सोबत इंगळावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर दह्याचा गोळा.

जोतिबानं ताट बघितलं. हात गेला. मोडलं. भरितात बुडवलं. तोंडात घातलं. डोळे मिटून चावत राहिला.

"ह्येला काय म्हनत्यात गं?"

"बारसं व्हायचंय अजून. खावा."

त्या दिवशी लालासाहेबांच्या गुऱ्हाळावर मालकानं खडा पुढं केला, तर जोतिबानं तो कपाळाला लावून माघारी दिला. "पोटात जागा न्हाई, मालक." लालासाहेब बघतच राहिले.

मग रोज तेच. पाला बदलायचा, कधी शेपू, कधी हरभऱ्याचा कोवळा पाला. देवाच्या वाराच्या दिवशी अंड्याऐवजी कूट जास्त आणि घट्ट दही. नळी विटकरीची हिरवी झाली. जखमेच्या कडा ओढून यायला लागल्या. रंगूबाईची मान चार बोटं वर झाली. आणि का होऊ नये?

पौषात तासगावाकडनं धोंडूबाई आली. जोतिबाची थोरली बहीण. लहानपणी आई गेली तेव्हा ह्या बहिणीनं भावाला कडेवर वाढवलेला. येताना भावाला पिशवीभर बेदाणे घेऊन आली. घरात पाऊल टाकलं आणि तिला काय दिसलं? पीठ मळायची काठवट भिंतीला पालथी टेकवलेली.

"आगं बया! काठवट पालथी? घरात कोन मेलं का काय?"

"भाकरी करत न्हाई आमी, वन्सं. डाक्टरनं—"

"डाक्टरला घाल चुलीत! दुष्काळात आमी रेशनची मिलो जवारी खाल्ली, सरकारी सुकडी खाल्ली, पर ताटात भाकरी व्हती. हितं कृष्णामाई दारातनं वाहती, अन् माझ्या भावाला पाला? शेरडू हाय व्हय त्यो?"

रंगूबाईनं पाय धुवायला पाणी पुढं केलं. पाहुणीला भाकरी तर पाहिजेच. पण घरात भाकरीचा खरपूस वास सुटला तर जोतिबाचा जीव वरखाली होणार. म्हणून ती अंबूबाईकडं जाऊन पाहुणीपुरत्या भाकरी थापायची आणि फडक्यात गुंडाळून आणायची. धोंडूबाईला हेही खटकलं. तिला वाटलं, ही बया शेजारी जाऊन गुपचूप भाकऱ्या हाणते आणि नवऱ्याला पाला घालते. तसं ती अंबूबाईजवळ बोलूनही बसली.

थोड्या दिवसांनी रंगूबाईच्या ध्यानात यायला लागलं, जोतिबा सकाळी ताटात निम्मं टाकतोय. तिला वाटलं, हाताची चव गेली. एक दिवस लसूण वाढवला, एक दिवस मिरची कमी केली. तरी निम्मं टाकलेलंच. तोवर कराडला जायची वेळ आली. डॉक्टरांनी नळी तापवली. पाणी हिरवं झालं, पिवळं झालं, आणि बघता बघता वीट.

"काय खातात हे?" डॉक्टरांनी विचारलं. "पायाच्या करंगळीजवळ काळं पडतंय."

जोतिबा भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिला. रंगूबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि समजायचं ते समजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाहुणीच्या भाकरी तेवढ्या अंबूबाईकडनं आणल्या, घरची चूल पेटवलीच नाही. जोतिबा तसाच गेला, मागोमाग धोंडूबाई "देवाला जाऊन येते" म्हणून गेली. मग रंगूबाईनं बुट्टीत पाला घेतला, अंडी घेतली, तेलाची बाटली, तवा, सगळं डोक्यावर घेतलं आणि निघाली.

गुऱ्हाळावर चुलवाण धडधडत होतं. चिपाडाच्या ढिगाआड भाऊबहीण बसलेले. मधे फडकं, फडक्यात जोंधळ्याच्या भाकरी, भाकरीवर बेदाणे. जोतिबाच्या तोंडात घास. तो गिळता येईना, थुंकता येईना.

"वन्सं, जरा सरा," रंगूबाई म्हणाली.

तिनं तीन दगड मांडले. चुलवाणावरच्या गड्याकडनं इंगळ मागून घेतले. तिथंच बसून चिरलं, कालवलं, थापलं. गडी हातातली कामं टाकून गोळा झाले. लालासाहेब फेटा सावरत आले.

"वैनी, काय शिजतंय हे? काहिलीचा वास पार दाबून टाकला की!"

"न्ह्यारी, मालक. थांबा, तुमाला बी देते."

गरम गरम उतरवून तिनं पहिला तुकडा धोंडूबाईपुढं धरला. धोंडूबाईनं तोंड फिरवलं.

"मला नगं तुजा पाला. तू जा अंबूबाईकडं, भाकरी हान."

"आक्का, गप!" जोतिबा ओरडला. काहिलीवरच्या गड्यानं दचकून मागं बघितलं. "तिनं दिवाळीपास्नं भाकरी तोंडात घातली न्हाई. मी जे खातो त्येच खाती ती. मला ठावं हाय. ठावं असून मी हितं चिपाडाआड..." हातातली भाकरी त्यानं फडक्यात टाकली.

धोंडूबाईनं भावजयीकडं बघितलं. "खरं?"

"त्येंच्या म्होरं बसून मी भाकरी कशी मोडू, वन्सं? घास उतरंल व्हय?"

"मग बोलली का न्हाईस, मेले?"

"तुमी पाव्हण्या." रंगूबाईची नजर फडक्यावर गेली. ते फडकं तिचंच होतं. भाकरीचे काठही तिनंच थापलेले. आपल्या हाताची भाकरी बाईला ओळखू येतेच. "वन्सं, ह्या तर मी तुमच्यासाठनं करत हुते. म्हंजे इतकं दिस तुमी उपाशी?"

"उपाशी कशाला? बेदानं चघळत हुते की," धोंडूबाई म्हणाली, आणि पदरानं नाक पुसायला लागली. "लहानपनी बी त्येला माजी अर्धी द्यायची मी. सवय पडली."

मग धोंडूबाईनं हात पुढं केला. तुकडा मोडला, तोंडात घातला, चावला.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. "पर आन आनिक."

लालासाहेबांनी दोनदा घेतलं. गड्यांनी तवा खरवडला. भाकरी बैलांना गेल्या. आणि दुसऱ्या सकाळपासनं परड्यात पाला खुडायला धोंडूबाई पुढं, रंगूबाई मागं. बहीण तासगावला गेली ती शिमग्याच्या तोंडावर.

करंगळी काही राहिली नाही. ती डॉक्टरांनी काढलीच. पण पाय राहिला. हंगामाच्या शेवटच्या आदणाला, म्हणजे शेवटच्या काहिलीला, जोतिबा काहिलीपुढं उभा होता, काठीशिवाय. बुडबुडा जड झाला, त्यानं हात वर केला. "उतरा." गूळ असा पिवळाधमक पडला की लालासाहेबांनी ढेप हातात घेऊन सगळ्यांना दाखवली.

संध्याकाळी नवराबायको गावातनं घरी चालले होते. रंगूबाई नेहमी दोन पावलं मागं चालायची. त्या दिवशी वेशीत जोतिबा थांबला, म्हणाला, "तू हो म्होरं." ती झाली. रिकामी बुट्टी कमरेवर, मान ताठ, आणि मागनं हा नऊ बोटांवर डुलत डुलत. पारावरची माणसं बघत होती. बघू देत की.

तर, तुम्ही कराडकडं निघालाच आहात, माझं एक काम करा. माझ्या परड्यातली ही ओल्या लसणाची जुडी तेवढी रंगूबाईच्या हातात द्या. लालासाहेबांचं गुऱ्हाळ विचारा, तिथनं वेशीतनं आत गेलं की तिसरं घर. डोक्याच्या पटक्यात गुंडाळून न्या, पात मोडू देऊ नका.