शांत खोलीतली सामाईक वाट

आमच्या जमीन मोजणी कार्यालयात धर्मस्वातंत्र्य टपालाने आलं. एका आंतरराष्ट्रीय मंडळाचं शिष्टमंडळ देशोदेशीच्या कचेऱ्या बघत फिरत होतं. नोकरीच्या जागी प्रत्येकाला आपापल्या श्रद्धेप्रमाणे प्रार्थना करता येते का, हे त्यांना पाहायचं होतं. तीन आठवड्यांनी ते आमच्याकडे येणार होते, आणि तोवर कार्यालयात सर्व धर्मांसाठी एक ‘शांत खोली’ असावी अशी त्यांची अपेक्षा होती.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि मला बोलावलं.

“हेडक्लार्क, आपल्याकडे धार्मिक असहिष्णुता आहे का?”

“नाही साहेब.”

“लेखी?”

“लेखी तर अजिबातच नाही.”

“मग खोली रिकामी करा.”

रिकामी करण्याजोगी खोली एकच होती, मागची, जुन्या नकाशांची. तिथे आमचे रेकॉर्डकीपर बसत. वय सत्तावन्न. सगळे त्यांना मामा म्हणत, साहेबसुद्धा. गेली एकोणीस वर्षं रोज दुपारी तीन दहाला मामा खोलीचं दार लोटून घेत आणि तीन वीसला उघडत. मधली दहा मिनिटं ते प्रार्थना करत. कोणती, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात कुणी नकाशा मागायला आलंच, तर “मामा शोधतायत, बसा” एवढं आम्ही सांगायचो. याला सहिष्णुता म्हणणं जरा जास्त होईल. आम्हाला चौकशीचा कंटाळा होता, आणि त्या कंटाळ्यावर मामांचं छान चाललं होतं.

आता नकाशे तळमजल्यावर गेले आणि नकाशांबरोबर मामाही गेले, जिन्याखाली, पाण्याच्या पंपाशेजारी. खोलीला पांढरा रंग लागला, दारावर पाटी चढली. वापरणाऱ्यांसाठी साहेबांनी फॉर्म काढला. त्यात चार धर्म छापलेले होते आणि पाचवा रकाना होता, ‘इतर (किमान पाच कर्मचारी आवश्यक)’.

मामा फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आले.

“हेडक्लार्क, मी तर एकटाच आहे.”

“घरचे धरून?”

“घरचे धरून तिघं. पण बायकोला इथं नोकरी कोण देतंय?”

मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, “स्वातंत्र्य सगळ्यांना आहे. खोली नोंद झालेल्यांना आहे.”

“त्यांना दहाच मिनिटं हवीत.”

“आज यांना दिली, उद्या दुसरा एकटा येईल.”

“दुसरा एकटा नाहीच आहे, साहेब.”

“नाहीये तोवर सवय लावू नका.”

मग मामा आपले जागा शोधत फिरू लागले. जिन्याखाली नेमका तीनला पंप सुरू व्हायचा. गच्चीला कुलूप. शेवटी ते पार्किंगमध्ये जीपच्या मागे डोळे मिटून उभे राहिले, तर वॉचमनला वाटलं चक्कर आली. त्याने तोंडावर पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी तो खुर्ची घेऊन आला आणि तिसऱ्या दिवशी रक्तदाब मोजणाऱ्या भाच्याला.

“माणूस सोन्यासारखा आहे हो,” मामा मला म्हणाले, “पण काळजी करायचा थांबतच नाही. अकरा दिवस झाले, माझा एक दिवस धड गेला नाही.” हसत म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

इकडे शांत खोलीत रोज भांडण. चार धर्मांचे चार प्रतिनिधी होते: लेखापाल, ड्रायव्हर, आरेखक आणि आवक-जावकच्या बाई. यांच्यापैकी कुणाला कचेरीत प्रार्थना करताना कुणी पाहिलं नव्हतं. लेखापाल हिशेब जुळेना की देवाचं नाव घेत, पण ते तक्रारीच्या सुरात. खोली मिळाल्याबरोबर मात्र प्रत्येकाला खिडकीची बाजू हवी झाली.

“आम्ही आधी आणि तुम्ही नंतर, यात एवढं काय?” आरेखक म्हणाला.

“मग तुम्हीच या नंतर. एवढं काहीच नाहीये ना त्यात?” बाई म्हणाल्या.

वेळा ठरेनात, तेव्हा साहेबांनी आम्हाला येत असलेली एकमेव गोष्ट करायचं ठरवलं. खोलीची रीतसर मोजणी करून चार हिस्से पाडायचे.

त्या संध्याकाळी घरी मी हे सगळं हसत हसत सांगितलं. बायको हसली नाही.

“एकोणीस वर्षं त्या माणसाने तुमचे घोळ निस्तरले. तुम्हाला त्यांची दहा मिनिटं सांभाळता येईनात?”

“साहेबांनी नाही म्हटलं.”

“साहेबांनी तुम्हाला बढतीलासुद्धा नाही म्हटलंय. तेव्हा कसे चार अर्ज केलेत?”

सकाळी मी टेपताईंना गाठलं. या आमच्या सर्वात जुन्या मोजणीदार. मोजायची टेप सदा पर्समध्ये. त्यांच्या मोजणीवर अजून कुणी अपील जिंकलेलं नाही.

“ताई, हिस्से पाडताना जरा...”

“मामांचं ना?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“भर पार्किंगमध्ये पाणी मारलं त्यांना, सांगायला कशाला हवं? पण पाचवा हिस्सा मागू नका. चौघं मिळून मला त्याच टेपने बांधतील.”

खोली भरली चौदा फूट बाय दहा. चौघे मान वाकडी करून टेपवरचे आकडे स्वतः वाचत होते. चिठ्ठ्या टाकल्या. दोघांना खिडकीकडचे हिस्से गेले, दोघांना दाराकडचे. मग ताईंनी टेप गुंडाळली आणि विचारलं, “खिडकीवाल्यांनी आपल्या हिश्शात जायचं कसं? उडत?”

चौघांनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग दाराकडे.

“जमिनीचे तुकडे पडले की वाट सोडावी लागते. दारापासून खिडकीपर्यंत अडीच फूट, मधोमध. सामाईक. कुणाच्याच नावावर नाही.”

“म्हणजे यांच्याही नाही ना?” लेखापालांनी ड्रायव्हरकडे बोट दाखवलं.

“नाही.”

“मग माझी हरकत नाही.”

हे कारण चौघांनाही पटलं. खोली मिळाल्यापासून त्यांचं एकमत झालं ते हे पहिलं. सह्या झाल्या, फरशीवर पिवळे पट्टे ओढले गेले, भिंतीवर नकाशा लागला. संध्याकाळी टेपताई जिन्याखाली गेल्या.

“मामा, वाटेवर उभं राहायला फॉर्म लागत नाही.”

मामांनी त्यांच्याकडे बघितलं. “किती आहे?”

“अडीच फूट.”

“पुष्कळ झालं. मला उभंच राहायचंय, झोपायचं नाही.”

पण दुसऱ्याच दिवशी शिष्टमंडळ होतं. यायचे अकराला, आले पावणेतीनला. एक उंच बाई, दोन पुरुष आणि एक दुभाषी. साहेबांनी मला बाजूला घेतलं.

“मामांना आज वर फिरकू देऊ नका. नोंद नसलेला माणूस दिसला तर ती असहिष्णुता धरतात.”

तीन पाचला मी जिन्याखाली उतरलो. मामा केसांवर कंगवा फिरवत होते.

“साहेब म्हणतायत, आज नको!”

“पंप चालू आहे,” मामा ओरडले. “ऐकू येत नाही!”

पंप खरंच चालू होता. मी पुन्हा बोललो नाही. धर्मस्वातंत्र्यासाठी मी काय केलं असं कुणी विचारलंच, तर मी दुसऱ्यांदा बोललो नाही.

मी त्यांच्या मागोमाग वर आलो. खोलीत चौघे आपापल्या पट्ट्यांच्या आत उभे होते, दाराशी टेपताई. पाहुणे बघत असताना नक्की काय करायचं ते न कळून ड्रायव्हर स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. साहेबांनी पाहुण्यांना वाटेने थेट खिडकीपर्यंत नेलं होतं आणि प्रत्येक हिश्शाचं क्षेत्रफळ सांगत होते. मामा आत आले, दोन पावलं चालून वाटेच्या मधोमध थांबले आणि त्यांनी डोळे मिटले.

साहेबांच्या बोलण्यातलं क्षेत्रफळ संपलं.

“मामा, जरा बाजूला.”

मामा हलले नाहीत. ते आता आमच्यात नव्हतेच.

साहेबांनी हसून लेखापालांच्या हिश्शातून वळसा घ्यायला पाय उचलला.

“साहेब, हद्द.”

“अहो, दोन पावलं!”

“आज दोन पावलं जाल, उद्या वहिवाट पडेल.”

साहेब दुसऱ्या बाजूला वळले. तिथे आवक-जावकच्या बाई होत्या. त्यांनी फक्त आपली पर्स पट्ट्यावर ठेवली.

अशा रीतीने एक साहेब, तीन पाहुणे आणि एक दुभाषी खिडकीशी अडकले. उंच बाईंनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, मामांकडे पाहिलं आणि पेन खिशात ठेवलं. लेखापालांचा फोन वाजला, तो त्यांनी ओशाळून बंद केला. ड्रायव्हरने डोळे मिटले. आधी झोपेने मिटले असावेत. नंतर कशाने, ते मला सांगता येणार नाही, पण ओठ हलत होते.

तीन वीसला मामांनी डोळे उघडले.

“अरे, खोळंबलात होय?” असं म्हणून ते भिंतीला चिकटून उभे राहिले.

उंच बाईंनी दुभाष्यामार्फत विचारलं, “हे कोणत्या धर्माचे?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेपताईंकडे पाहिलं. टेपताईंनी पर्समध्ये पाहिलं. एकोणीस वर्षं! मग मामांनीच सांगितलं. तो शब्द दुभाष्याने दोनदा विचारून घेतला, आपल्या भाषेत सापडेना म्हणून तसाच पुढे दिला. बाईंनी तो वहीत लिहिला.

“इथे प्रार्थना करताना तुम्हाला कुणाचा अडथळा होतो का?”

मामांनी प्रामाणिकपणे विचार केला. “मला नाही हो. आज माझाच यांना झाला.”

बाईंनी तेही लिहून घेतलं.

आता मामांचा धर्म त्यांच्या वहीत होता, त्यामुळे साहेबांना त्यांना काढता येईना. आणि नियमाने तर ठेवताही येईना. दोन दिवस साहेब नियम चाळत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी सही केलेला आदेश मी दारावर चिकटवला: ‘शांत खोलीतील सामाईक वाट रोज दुपारी ३.१० ते ३.२० या वेळेत बंद राहील.’ कारण लिहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून त्या दहा मिनिटांत मामांखेरीज खोलीत कुणी जात नाही. बाकीच्या वेळातही जात नाही, पण त्याला आदेश लागला नाही.