माझाही टायर फोडा

मला दिसत नाही, हे मी कधीच मान्य केलंय. मला हरवायला कुणी तयार नाही, हे मात्र अजून पचलेलं नाही. लहानपणी भिंगारच्या आमच्या घरात सापशिडी रंगायची. फासा वाचायचा आणि सोंगट्या हलवायचा माझा धाकटा भाऊ सम्राट. माझी सोंगटी सापाच्या तोंडी कधी गेलीच नाही. साप फक्त बाकीच्यांना गिळायचे. सगळे टाळ्या वाजवायचे आणि मी मनातल्या मनात चरफडायचे.

म्हणून 'ऊसगाडी' या कॉम्प्युटर गेमवर माझा डोळा होता. आंधळीचा डोळा, हसा हवं तर. शेतातून ट्रॅक्टर काढायचा, रस्ता निवडायचा आणि दुसऱ्याच्या आधी साखर कारखाना गाठायचा. दोघांनी आपापल्या कॉम्प्युटरवर खेळायचं, मध्ये सोंगटी हलवणारा कुणी नाही. पण माझा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज, तिथं नुसतं "बटन, बटन, बटन" म्हणत बसायचा. कसलं बटन, ते त्यालाही ठाऊक नाही.

गेम बनवणारा गंधार देवळाली प्रवराचा. फोन करून मी त्याला चांगलंच झापलं. त्यानं मुकाट ऐकून घेतलं आणि महिनाभर खपून प्रत्येक बटनाला नाव दिलं. कुठं चिखल, कुठं रांग, सम्राटचा ट्रॅक्टर कुठवर आला, सगळं ऐकू येऊ लागलं. मी इतके आशीर्वाद दिले की तो लाजला.

मग मी जिंकतच सुटले. रोज हरून सम्राट इरेला पेटला. त्याचा टायर सारखा पंक्चर व्हायचा, माझा कधीच नाही, म्हणून मला मात्र शंका आली. मुद्दाम खडी-काट्यांचा रस्ता धरला, तरी टायर शाबूत. पुन्हा फोन लावला.

"गंधार, माझा टायर पंक्चर का होत नाही?"

तो चाचरला. "ताई, स्क्रीन रीडर चालू असला की पंक्चर बंद ठेवलंय मी. म्हटलं, तुम्हाला आधीच त्रास, त्यात अजून..."

"घरात एक सम्राट होता, तुम्ही दुसरे निघालात! माझाही टायर फोडा."

तो म्हणाला, "चुकलं माझं, ताई. फोडतो."

पुढच्या रविवारी मी बाहेरच्या खोलीत, सम्राट आतल्या. कारखाना समोर आला होता, मी पुढे होते, आणि आवाज म्हणाला, "तुमचा टायर पंक्चर."

"हरवलं! ताईला हरवलं!" आतून सम्राट ओरडला. "लई भाव खात हुतीस!" मग त्याची पावलं दारापाशी येऊन थांबली. "ताई... रागावलीस व्हय?"

मी रडत होते आणि हसतही होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भावानं मला खरोखर हरवलं होतं.

"जा, बस जागेवर," मी म्हटलं. "आता दाखवते तुला."

डाव मांडण्याआधी गंधारला निरोप पाठवला, "टायर फुटला. फार उपकार झाले."