दौलतचं कुत्रं

मला कुत्रं नको होतं, आधीच सांगते. लालबागच्या आमच्या एका खोलीत मी अठरा गिरणीवाल्यांना जेवू घालते. तांदळाच्या पोत्यांवर उंदीर, आणि उंदरांसाठी चिंगी मांजर. पण जानेवारीत माझा धाकटा भाऊ दौलत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याला गेला, गोळी लागली, आणि तो घरी आलाच नाही. करी रोडला त्याच्या खोलीच्या दारात टायगर बसून होता. त्याला काय रस्त्यावर टाकू? घेऊन आले.

आल्या दिवसापासून त्याचं आणि चिंगीचं विळ्याभोपळ्याचं नातं. गिरणीत असतात तशा मी त्यांच्या पाळ्या लावल्या. सकाळी चिंगी आत, टायगर गॅलरीत बांधलेला. दुपारी टायगर आत, चिंगी माळ्यावर. ताटल्यासुद्धा वेगळ्या. चार महिने हेच करता करता माझा जीव मेटाकुटीला आला. एका गुरुवारी मेल्यानं दोरी तोडली, आमटीचं पातेलं लवंडलं आणि चिंगीच्या पायाला चावा घेतला. तिनंही त्याच्या डोळ्याशी ओरबाडलं.

आमचे हे तसे शांत. पण त्या दिवशी म्हणाले, "गंगू, मांजराशिवाय खानावळ चालायची नाही. रविवारी मी ह्याला शीवच्या पुढे सोडून येतो."

दौलतच्या मागं जितं असं एवढंच उरलं होतं, आणि तेही मी सोडून द्यायचं?

जेवायला येणारा कुशाबा साताऱ्याकडचा, लहानपणी मेंढरं राखलेला. तो म्हणाला, "बाय, आमच्याकडं मेंढी परकं कोकरू जवळ घेत न्हाई. तवा तिच्या मेलेल्या कोकराचं कातडं त्याला पांघरत्यात. मग वासावर घेती. दौलतच्या अंगातलं काय असंल तर त्यात मांजर निजवा."

"तुझ्या जिभेला काही हाड?" मी म्हटलं आणि त्याच्यापुढचं ताट उचललं.

राग यायला कारण होतं. दौलतचा एक सदरा माझ्या ट्रंकेत होता, त्याच्या खोलीतून आणलेला, न धुतलेला. घाम, कापूस, मशीनचं तेल, विडी. घरात कोणी नसलं की मी तो काढायची, नाक खुपसून रडायची आणि पुन्हा घडी करून ठेवायची. ह्यांनाही सांगितलं नव्हतं.

शनिवारी तो काढला. पोटभर वास घेतला आणि चिंगीला त्यात गुंडाळलं. पाय दुखत होता म्हणून ती तशीच निजली. दुपारी टायगरला आत आणलं, दोरी हातात घट्ट धरून. तो गुरगुरत गेला, त्यानं वाकून हुंगलं आणि तो शेपूट हलवायला लागला. मग दोरीला हिसका देऊन दाराकडंच धावला. गॅलरीत उभा राहून जिन्याकडं बघत राहिला. कोणी वर आलं की कान टवकारायचा. दौलत आलाय असं वाटलं त्याला. मुक्या जिवाला मी फसवलं, मला माझीच लाज वाटली. दिवेलागणीला तो आत आला आणि सदऱ्याच्या बाहीवर तोंड टेकून चिंगीशेजारी पडला.

रविवारी ह्यांनी दोघांना तसंच निजलेलं पाहिलं आणि शीवला जाणं पुढं ढकललं. त्याला महिना झाला. दोघं त्या सदऱ्यावरच निजतात. परवा हे म्हणाले, "राहू दे आता त्याला." मी हो म्हटलं. हे पाळीवर गेल्यावर मी सदरा उचलून नाकाशी धरला. कुत्र्यामांजराचा वास आला, दुसरा काही नाही. टायगरला अजून त्यात दौलत सापडतो. मला नाही सापडत.